कडक भाकरीवरचा चावा

सिग्रिडचे वरचे-खालचे पुढचे दात जन्मात कधी एकमेकांना टेकले नव्हते. राय धान्याची कडक भाकरी ती चावायची, तेव्हा मधला तुकडा तसाच पुढे राहायचा. शाळेतली पोरं तो चावा लांबून ओळखायची आणि फिदीफिदी हसायची.

विसाव्या वर्षी, आईचा विरोध न जुमानता, तिने जबडा कापून सरळ करून घेतला. आता सहा आठवडे दात रबरांनी घट्ट बांधलेले आणि पोटाला फक्त ब्लूबेरीचं सूप.

पाचव्या सकाळी आईने भाकरी तिच्या नाकासमोर नाचवली. "चोरून खाल्लीस ना गं? घरात आपण दोघीच आहोत!"

कडेला ताजा चावा होता. मधला तुकडा पुढे राहिलेला.

सिग्रिडने ओठ फाकवून रबरं दाखवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच चावा. आई रडकुंडीला आली. सिग्रिडचं मात्र डोकंच फिरलं. रात्री तिने त्या न दिसणाऱ्या चोरासाठी कागदावर ठसठशीत लिहिलं, "जुना जबडा तुला लखलाभ. नवा माझा आहे, तो मिळायचा नाही!" आणि कागद भाकरीवर ठेवला.

सकाळी कागदासकट भाकरी उष्टावलेली होती. चावा सरळ, सलग. मधे काहीच राहिलं नव्हतं.

तसा चावा सिग्रिडने अजून एकदाही घेतला नव्हता.