तिसरा लाल दिवा

लाल दिवा लागला तेव्हा धाकटीचे हात हवेत होते. या आठवड्यातला हा दुसरा. तिसऱ्याला घरी बसवत.

काम साधंच होतं, बाटल्या खोक्यांत भरायच्या. छतावरचे कॅमेरे प्रत्येकीचा चेहरा आणि हात टिपत. हात बाटल्यांवरून निघाले, की तिच्यापुढचा दिवा लागलाच म्हणून समजा. तोंडाशी मात्र कॅमेऱ्यांना काही देणंघेणं नव्हतं. माना खाली घालून बायका सासूची उणीदुणी काढत, कोणाचं लग्न मोडलं ते सांगत. हात आपले चालूच. धाकटीला ऐकू येत नव्हतं. तिचं सगळं बोलणं हातांत. आणि ते समजणारी एकटी ताई, तीही नेमकी समोर उभी.

"तिला सांग, कामावर गप्प बस म्हणावं," सुपरवायझर ताईला म्हणाला. माणूस वाईट नव्हता, नुसता कंटाळला होता. "मशीनपुढे माझं काही चालत नाही, बाई."

जेवणाच्या सुट्टीत ताईने तिला जिन्यात नेऊन सांगितलं. आई अंथरुणाला खिळलेली, दोघींच्या पगारावर घर कसंबसं चाललेलं. धाकटीने मान डोलावली. तेव्हापासून ताईने तिच्याकडे बघणंच सोडलं. नजरानजर झाली की हात वर येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. घरी आईचं करता करता तिचे डोळे मिटायचे, त्यामुळे तिथलंही बोलणं राहूनच जाई. याचं तिला फार वाईट वाटे, पण करणार काय?

शनिवारी दुपारी ताईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने टेबलाला गुडघा टेकवून तोल सावरला, हात मात्र थांबू दिले नाहीत.

समोर धाकटीपुढचा लाल दिवा लागला.

सुपरवायझर तावातावाने आला. "तिसरा! एवढं काय अडलं होतं हिचं? काय म्हणाली ती?"

ताईने मान वर केली. धाकटी अजून तीच खूण पुन्हा पुन्हा करत होती.

"विचारतेय," ताई म्हणाली, "दमलीस का."

ताईने हातातली बाटली खाली ठेवली आणि दोन्ही हात वर उचलून ती धाकटीला उत्तर द्यायला लागली. तिच्यापुढचा दिवा एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला, तिसऱ्यांदा लागला. ताईचं बोलणं अजून संपलं नव्हतं.