गाळलेला अर्थ

“नॉटी. विशेषण. पूर्णविराम. एक. खोडकर, स्वल्पविराम, व्रात्य, स्वल्पविराम, द्वाड. कंसात लहान मूल. कंस पुरा.” इथवर वाचून कोशकार अडखळले.

पलंगावर त्यांची बायको निजून होती. डोळे उघडे, पण बंद घराच्या खिडक्यांसारखे. आजारानं वाचा नेली, उजवं अंग नेलं, आणि डॉक्टरांच्या मते ओळखही नेली. तरी नव्या शब्दकोशाची मुद्रितं घेऊन कोशकार रोज तिच्याच उशाशी बसत आणि मोठ्यानं वाचत.

लेक दारात उभी होती. आईचे कपडे पिशवीत भरून झाले होते. शुश्रूषा केंद्राची गाडी दुपारी यायची होती.

“बाबा, पुरे आता. तिला भिंत काय नि तुम्ही काय, सारखंच. मग इथं राहिली काय, तिथं राहिली काय.”

“एवढं पान होऊ दे गं.”

दुसरा अर्थ समोर होता. पोटच्या पोरीदेखत तो उच्चारायला जीभ रेटेना. कोशकारांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते सरळ पुढच्या शब्दावर गेले.

टक्.

पलंगाच्या कडेवर बायकोचं डावं बोट पडलं होतं.

“हलतो तिचा हात अधूनमधून,” लेक म्हणाली. “त्यात काही नसतं, बाबा.”

कोशकार त्या बोटाकडं पाहत राहिले. मुद्रित तपासायला माणसं दोन लागतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर नजर ठेवायची आणि काही गळलं की बोट वाजवायचं. या दोघांचा संसारच त्या टकटकीच्या तालावर झाला होता. पण आता तिच्यापुढं प्रत नव्हती.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. खोडकर, व्रात्य, द्वाड. कंस पुरा. पुढचा शब्द.

टक्.

कोशकारांना एकदम उमगलं. आजारपणात इतकी पानं वाचली, पण गाळलं असं काही नव्हतंच. ती गप्प होती, कारण सगळं बरोबर होतं.

लेकीनं पिशवी खाली ठेवली. “काय सोडलंत ते वाचा,” ती हळूच म्हणाली. “मी तोंड फिरवते हवं तर.”

त्यांनी वाचलं, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात. “दोन. चावट, लाडिक, किंचित आगाऊ. उदाहरणार्थ, ‘सगळ्यांदेखत तो मान खाली घालून जेवला, ताट उचलताना मात्र तिच्याकडं पाहून नॉटी हसला.’”

बोट वाजलं नाही. त्या बंद घरात कुणी दिवा घेऊन खिडकीशी यावं, तसे डोळे उजळत गेले. ओठांचा डावा कोपरा, तेवढाच हलण्याजोगा उरलेला, वर चढला.

मग लेक पिशवीतले कपडे एकेक करून परत कपाटात लावू लागली.

“पण बाबा, समोर कागद नसताना तिला कळलं कसं?”

“तो अर्थ तिनंच लिहिलाय,” कोशकार म्हणाले. “माझ्यावरून.”