टोपणभर पावडर

"एवढी पावडर जाती कुठं? भाकरीवर घालून खाता काय?"

रविराजनं डबा उलटा करून दाखवला. कपडे धुवायच्या पावडरीचा डबा. महिनाभर पुरायचा तो पंधरवड्यात ठणठणीत.

 धनश्री भाकरी थापत होती, हात परातीतच थांबला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! सासूनं, ताईबाईनं, लसूण सोलता सोलता मानसुद्धा वर केली नाही. "ते मशिनच खादाड हाय," ती म्हणाली. "नाकापरीस मोती जड."

मशिन म्हणजे वॉशिंग मशिन. रविराज कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. दिवाळीच्या बोनसमधून त्यानं ते आणलं, यवतपासून टेम्पोत मिरवत. वस्तीवरचं पहिलंच. "माझ्या घरच्या बाया आता कालव्यावर धुणं घिऊन जायच्या न्हाईत," असं त्यानं चारचौघांत सांगून टाकलं. चांगल्या मनानं सांगितलं हो, त्याला काय दोष द्यायचा? त्याला वाटलं, आईचे गुडघे वाचले, बायकोची पाठ वाचली. लेकाचं एवढं कौतुक चालू असताना मध्ये कोण बोलणार?

पण धनश्रीचं काय गेलं ते तिलाच ठाऊक. घराला कंपाउंड, कंपाउंडला गेट. माहेर न्हावरं, भीमेच्या पलीकडं, ते सणासुदीला. बाहेर पडायला तिला एकच निमित्त होतं, धुणं. कालव्यावर स्वप्नाली यायची. तीही न्हावऱ्याचीच, शेजारच्या वस्तीवर दिलेली. दगडावर कपडे आपटता आपटता दोघी पोट धरून हसायच्या. एखाद्या दिवशी रडायच्याही. मशिन आलं आणि ते सगळं बंद पडलं. नुसतं पाय मोकळे करून येते म्हणावं, तर तरण्या सुनेला कोण जाऊ देणार? वर जो तो म्हणायचा, नशीब काढलंस पोरी! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ताईबाई म्हणजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशातली. लहानपण मेंढरांमागं रानोमाळ गेलेलं, तिथं पाण्याचा घोटही जपून प्यायचा. ती सवय हाडात मुरलेली. साबणाची झिजलेली चिपटी ती नव्या वडीला चिकटवायची. फेसाच्या पाण्यानं ओटा धुवायची. पावडर घ्यायची ती खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं. धनश्रीनं नेमका तिथंच नेम धरला. मशिन पावडर खातंय असं दिसलं, की सासूच ते बंद पाडील. म्हणून रोज मशिन लावताना ती आणखी एक टोपण पावडर मोरीत सोडायची. वरून तांब्याभर पाणी. फेस गटारीत जाईपर्यंत ती मोरीपुढं आडवी उभी राहायची.

आणि आता हे झालं.

"डबा हितनं फुडं माझ्या ताब्यात," ताईबाईनं जाहीर केलं. नवी पावडर आली ती थेट तिच्या कपाटात गेली. किल्ली कमरेला, टोपणही तिथंच खोचलेलं. रोज सकाळी टोपणभर पावडर ती स्वतःच्या हातानं मशिनमध्ये घालायची, सुनेला डब्याचं दर्शनसुद्धा नाही.

संपलं, धनश्रीला वाटलं. आता जन्म ह्या गेटाच्या आतच जायचा. मशिन घरघरत फिरायचं आणि ती गजांना धरून कालव्याकडं बघत उभी राहायची. ताईबाईही ओसरीवर बसून तिकडंच बघत असायची. पण म्हातारं माणूस कुठंतरी बघणारच की, धनश्रीनं ते मनावर घेतलं नाही.

पंधरवडा गेला. रविराजनं डबा मागितला. डबा रिकामा!

धनश्री चक्रावली. तिनं तर बोटसुद्धा लावलं नव्हतं. रविराजनं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा आईकडं. आता बायकोला बोलायची सोय नव्हती. ताईबाईच्या टोपणावर शंका घेणारा माणूस अख्ख्या वस्तीत सापडला नसता.

"आई मोजून घालती तरी पुरंना? मरू द्या ते मशिन!" तो भडकला. "देतो कुणालातरी. जावा तुमच्या कालव्यावर."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत धनश्री बादली घेऊन गेटाबाहेर पडली. पाय जमिनीवर ठरत नव्हते. मागं वळून बघते तर ताईबाई गुडघे चोळत चोळत येतेय, काखेत गाठोडं.

"आत्या, तुम्ही कशाला? मी धुते की सगळं."

"चल गुमान."

कालव्याला पाणी भरून चाललं होतं. स्वप्नालीनं लांबूनच हात केला. ताईबाई दगडावर टेकली, पाण्यात पाय सोडले आणि कितीतरी वेळ डोळे मिटून बसली. असं हसू धनश्रीनं त्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. मग म्हातारीनं गाठोडं पुढं ओढलं आणि गाठ सोडली.

आत कपडे नव्हतेच. जुन्या लुगड्याच्या धडप्यात पावडर होती. डब्यातली उरलेली सगळी. कोरडी, भुरभुरीत, चिमूटभरही सांडलेली नाही.



ताईबाईनं कमरेचं टोपण काढून सुनेच्या हातात दिलं. "तू मोरीत वतत व्हतीस तवा जीव तुटायचा माझा," ती म्हणाली. "सुटायचं हाय तर सूट की बाये, मलाबी सुटायचंच व्हतं. पर त्यापायी पावडर कशाला वाया घालवायची?"