ग्रंथालयाने दिलेली संथा

ग्रंथालयाची योग्यता वाचकाने ठरवावी, हे न्याय्यच आहे. परंतु वाचकाला न पाहता त्याच्या नावाने निकाल देणे हा अपराध होय.

घरोघरी यंत्रातून पोथ्या म्हणून दाखवणाऱ्या बोलक्या ग्रंथालयाचा पोथीविभाग त्या दिवशी बंद व्हायचा होता. त्याला एकच वाचक उरली होती, गुहागरच्या दृष्टिहीन द्वारकाबाई ओगले. प्रत्येक ओळीनंतर ग्रंथालय बराच वेळ गप्प राहते, सबब यंत्रणा सदोष आहे, असा अहवाल होता. सही करण्यापूर्वी परीक्षक मृणालिनी केतकर स्वतः द्वारकाबाईंच्या पडवीत येऊन बसल्या.

ग्रंथालयाने एक ओळ म्हटली आणि ते थांबले. द्वारकाबाईंनी ती दोनदा म्हटली. मगच पुढची ओळ आली. गुरूने एकदा सांगावे, शिष्याने दोनदा म्हणावे, अशी ती संथा चालली होती.

"हे याला कोणी शिकवलं, आजी?" मृणालिनीबाईंनी विचारले.

"मी कसली शिकवत्ये! आधी नव्या जावयासारखं मधेमधे बोलायचं. आता माझं होईपर्यंत थांबतं. बंद नका हो करू, वडिलांची अर्धी पोथी राहिल्ये माझी."

पुढच्या ओळीत त्या अडल्या. ग्रंथालय थांबून राहिले; मग त्याने हलकेच पहिले अक्षर तेवढे सुचवले. उरलेली ओळ द्वारकाबाईंच्या मुखातून आपसूक वाहिली.

मृणालिनीबाईंचे हात नकळत जोडले गेले. अहवालातील 'सदोष' हा शब्द खोडून त्यांनी लिहिले, 'ऐकत आहे. विभाग चालू ठेवावा.'

सांगणाऱ्याचे, म्हणणारीचे आणि थांबून पाहणारीचेही कल्याण असो.