घरातले हातमोजे

बायको वसीला गेल्याचा फोन आला तेव्हा हेदी एका म्हाताऱ्याला डायलिसिसची सुई टोचत होता. त्याने सुई नीट बसवली, मशीन चालू केलं आणि मगच मोजे काढले. उजव्या तर्जनीवरची पट्टी घामाने सुटली होती. खालची चामखीळ दिसत होती.

"ती झाक आणि घरी जा," मुख्य नर्स नजीबा हळूच म्हणाली.

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराच्या त्या डायलिसिस केंद्रात हेदीची वीस वर्षं गेली होती. आठ महिन्यांपूर्वी ही चामखीळ उगवली. नजीबाने दोनदा ती गोठवून घ्यायला लावली, दोन्हीदा ती परत आली. "तुझ्यासारखीच हट्टी आहे," नजीबा म्हणायची. "पट्टी लाव, वर मोजे घाल."

केंद्रात तेवढं पुरे होतं. घराचं तसं नव्हतं. वसीलाची किडनी दोन वर्षांपूर्वी बदललेली. नवी किडनी टिकावी म्हणून शरीराची प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. दुसऱ्याला किरकोळ असलेलं दुखणं तिला महागात पडलं असतं. दवाखान्यातून आपणच काहीतरी घरी आणलं, हे तिला सांगायची त्याला लाज वाटली. तो घरातही मोजे घालू लागला.

"हे काय आता?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं.

"नियम आहे. किडनी बदललेल्या माणसाच्या घरात घालावे लागतात."

"इतके दिवस नव्हता हा नियम."

"नवीन आलाय."

वसीलाने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शाल पुढे ओढून घेतली. "बरं. दवाखान्याशीच लग्न केलंय मी."

पुन्हा तिने कधी विचारलं नाही. कणीक मळणं तिने सोडलं होतं, हातात जोर नाही म्हणायची. तो बेकरीतून पाव आणायचा. दर गुरुवारी मात्र ती शेजारच्या मबरूकामावशीकडे जाऊन डाव्या हाताची बोटं मेंदीने काळीभोर करून यायची. मावशी गल्लीतल्या नववधूंना मेंदी लावायची आणि गेलेल्या बायकांना शेवटची अंघोळही घालायची.

"म्हातारपणी नटायचं खूळ लागलंय," वसीला हसायची. गोळ्या घ्यायला ती उजवा हात पुढे करायची. तो मोजा घातलेल्या बोटांनी तिच्या तळव्यावर गोळ्या ठेवायचा.

हेदी घरी पोहोचला तेव्हा डॉक्टर निघायच्या बेतात होते.

"कसला संसर्ग झाला होता का?" हेदीने विचारलं.

"नाही. हृदय बंद पडलं."

"त्वचेतून काही?"

"नाही म्हटलं ना, हेदी."

त्याला ते पटलं नाही. बायका आत वसीलाला अंघोळ घालत होत्या. तो अंगणात बसून राहिला. मबरूकामावशी हात पुसत बाहेर आली तेव्हा त्याने पट्टी काढून बोट तिच्यापुढे धरलं.

"मावशी, हे बघ. मी हे तिला दिलं असणार. आठ महिने मोजे घालून वावरलो, तरी दिलं असणार."

मावशीने बोट पाहिलं. मग ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली.

"तू कुठला देतोस? तिला तर वर्षभर चामखिळी होत्या. डाव्या हाताच्या तीन बोटांवर. मी अंजिराचा चीक लावायचे, आणि दिसू नयेत म्हणून वर मेंदी."

हेदीने बोट मिटून घेतलं.

"तुला लागू नयेत म्हणून पिठात हात घालायची नाही ती. तुला सांगणारही होती रे. पण तू मोजे घालायला लागलास. मला म्हणाली, त्याने बोटं पाहिली, मावशी. त्याला माझी किळस येते. चांगला माणूस आहे, म्हणून नियम आहे म्हणतो."

आत कफनाच्या गाठी मारून झाल्या होत्या. मोजे न घालता तिचा हात धरायचा राहिला होता.