डाव्या मनगटाची लव

डॉक्टरांनी दम भरल्यावर म्हाताऱ्या सुतारानं पटाशी खाली ठेवली आणि दुकान मुलाच्या हवाली केलं. पण गिऱ्हाइकं जेव्हा म्हणू लागली, "पोराचा हात अगदी बापावर गेलाय," तेव्हा सुतारणीच्या मनात पाल चुकचुकली. पोरगा कसला कामाचा! फिरायला जातो सांगून हा म्हाताराच दुकानात राबत असणार आणि एक दिवस जिवाला मुकणार.

चोर पकडायची खूण तिला पाठ होती. पटाशी चामड्याच्या पट्ट्यावर ओढून झाली की म्हातारा डाव्या मनगटावरची लव भादरून धार बघायचा. लग्नापासून तिनं तो हात गुळगुळीतच पाहिला होता.

जेवताना तिनं त्याची बाही खसकन वर केली. मनगटावर दाट लव!

"झालं समाधान, फौजदारीणबाई?"

तिनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या तर दोन्ही हातांवर जंगल माजलं होतं.

तेवढ्यात सून वाढायला वाकली, तिची लांब बाही मागे सरली. उजव्या मनगटावर बारीक लव होती. डावं मात्र गुळगुळीत.

सासूनं ती बाही पटकन खाली ओढली आणि कुजबुजली, "झाक गं बाई! यांना कळलं, तर शिकवायला म्हणून उद्यापासून दुकानातच जाऊन बसतील."