फोटो उघडत नाही

"काकू, फोटोच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो का?" दर्शनने फोनवर विचारलं.

"हो, तसंच काहीतरी," सुलक्षणाकाकू म्हणाल्या.

दर्शन निश्चिंत झाला. दुबईतल्या एका कंपनीचे ईमेल सांभाळण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. सुरक्षिततेच्या नावाखाली ईमेलमधली चित्रं अडतात, हे त्याचं रोजचंच दुखणं. बहिणीचा, म्हणजे पर्णिकाचा, फोटो त्याने मजकुरातून काढला, वेगळा जोडला आणि पुन्हा पाठवला.

स्थळ सोन्यासारखं होतं. काकूंचा मुलगा कुणाल रुवैसला इंजिनिअर, आईवडील अबुधाबीत. पत्रिकेत छत्तीसपैकी एकोणतीस गुण जुळलेले, त्यामुळे लोकांची ती नेहमीची सबब इथे चालणार नव्हती. दोन्ही घरांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नव्हतं. आधी फोटो बघू, मग भेटू, असं काकूंनीच सुचवलं होतं. तोही व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे मुलींचे फोटो गावभर फिरतात, असं त्यांचंच म्हणणं. दर्शनला हे फार आवडलं होतं.

संध्याकाळी त्याने पुन्हा फोन केला. फोटोऐवजी डॅट नावाची भलतीच फाईल आली आहे का, असं विचारलं. काकू म्हणाल्या, तीही आहे. मग त्याने मेलचा प्रकार बदलला, फोटोचा आकार कमी केला. तिसऱ्यांदाही फोटो उघडेना.

दर्शन असा हार मानणारा नव्हता. शनिवारी सकाळी त्याने गाडीची किल्ली उचलली.

पर्णिका मेथी निवडत बसली होती. तिने तेहतिशी गाठली होती आणि तीन नकार हसून पचवले होते. पण हे स्थळ शेवटचं, यापुढे माझा फोटो कुणाकडे जाणार नाही, असं तिने बजावलं होतं. म्हणून तर दर्शनचा जीव या स्थळात अडकला होता.

"दादा, राहू दे ना," ती मान वर न करता म्हणाली. "नाही दिसला तर नाही दिसला."

"दिसणार गं. सेटिंगचा प्रॉब्लेम आहे, दहा मिनिटांचं काम."

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून तो तासाभरात अबुधाबीला पोचला. न कळवता आलेला पाहुणा बघून काकू गडबडल्या, पण लगेच सावरल्या. पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण पासवर्ड काकांनाच ठाऊक, आणि काका खाली दूध आणायला गेलेले. दर्शन खुशाल वाट बघत बसला. साखरपुडा नाशिकला करावा की इथेच, इथपर्यंत त्याचं मन पोचलं होतं.

लॅच फिरलं. काकू स्वयंपाकघरातून लगबगीने बाहेर आल्या, पण काका त्यांच्याआधी आत शिरले होते. दर्शनला पाहून ते मनापासून हसले.

"तुम्ही पर्णिकाचे भाऊ ना? सांगायलाच नको. नाक-डोळे अगदी बहिणीचेच आहेत तुमचे."